नायिका हरते, मग सिनेमा कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या फिल्म सोसायटीत फ्रेंच लघुपटांची एक संध्याकाळ ठरते आहे, विषय ‘विविधता आणि स्त्रीचं कर्तेपण’. पण यादीतल्या मानसशास्त्रीय लघुपटांत नायिका एक तर गप्प बसते, नाहीतर हरते, आणि एकात तर जीव देते. मग यात कर्तेपण बघायचं कुठे? आणि काळी किंवा स्थलांतरित नायिका घेतली की विविधता आली, असं धरायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. का नाही, ते ओघात येईल. पहिला प्रश्न जास्त अवघड आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

माझं काम संकलनाचं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं फुटेज बघत आल्यामुळे एक खोड लागली आहे. पात्र काय करतंय याआधी शॉट कोणासाठी थांबलाय, हे मला दिसतं. मानसशास्त्रीय लघुपटातलं कर्तेपण कथानकात शोधाल तर हाती फार थोडं लागेल. वीस मिनिटांत कोणाचं आयुष्य पालटत नाही. नवऱ्याला सोडणं, पायावर उभं राहणं, खटला जिंकणं, हे सगळं पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं किंवा मालिकेचं सामान आहे. लघुपटाकडे असतं एक मन, आणि त्या मनात आपल्याला किती वेळ बसू दिलं जातं तो वेळ. म्हणून मी विचारतो: जग कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय, कोणाच्या कानांनी ऐकू येतंय, आणि कोणाच्या चेहऱ्यावर कट यायला उशीर होतोय? ती बाई असेल तर शेवटी ती हरली तरी सिनेमा तिचा. ती जिंकली, पण आपण सगळा वेळ तिच्याकडे बाहेरूनच बघत राहिलो, तर तो तिच्याबद्दलचा सिनेमा, तिचा नव्हे.

हे हवेत राहू नये म्हणून चार कृतींवर बोलतो. फ्रान्समध्ये साठ मिनिटांच्या आतलं ते सगळं लघुपटात मोडतं. त्यामुळे यादीत अकरा मिनिटांपासून तासाभराच्या उंबरठ्यापर्यंत सगळं आहे.

पहिली जर्मेन द्युलाकची ‘ला सूरियांत मादाम बोदे’. साल १९२३, मूकपट, सुमारे चाळीस मिनिटं. द्युलाक (१८८२–१९४२) दिग्दर्शनात येण्याआधी ‘ला फ्रांसेझ’ या स्त्रीवादी साप्ताहिकात लिहायची, मताधिकाराच्या चळवळीत होती. गोष्ट एका छोट्या गावातल्या कापड व्यापाऱ्याच्या बायकोची. नवरा वाईट नाही, असह्य आहे. त्याचा एक आवडता विनोद: टेबलाच्या खणातून रिकामं रिव्हॉल्व्हर काढायचं, कपाळाला लावायचं, आणि आता मी जीव देतो असं म्हणून चाप ओढायचा. रोज तेच. एका संध्याकाळी त्याला ऑपेराला जायचं असतं, तिला नसतं. तो जाताना पियानोला कुलूप लावून किल्ली घेऊन जातो. त्या रात्री ती रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या भरते.

कथानकाच्या हिशेबाने पुढे काय होतं ते पाहा. सकाळी तिला पश्चात्ताप होतो, गोळ्या काढायच्या असतात, संधी मिळत नाही. नवरा पुन्हा तोच खेळ सुरू करतो, पण या वेळी गंमतीत नळी तिच्याकडे वळवतो. गोळी सुटते, तिला लागत नाही. आणि नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो तो असा की बिचारीला आत्महत्या करायची होती! तो तिला मिठी मारतो, तुझ्याशिवाय मी जगलो असतो कसा म्हणतो. शेवटी दोघं त्याच निपचित गल्लीतून चालत जातात. म्हणजे बाईने आयुष्यात एकदाच काही केलं, ते फसलं, आणि फसल्यावर त्याचा अर्थही नवऱ्यानेच ठरवला. कर्तेपणाचा याहून मोठा पराभव शोधून सापडणार नाही.

आता तीच फिल्म पडद्यावर पाहा. नवरा जेवतो-हसतो तेव्हा त्याचा चेहरा भिंगाने वाकडातिकडा झालेला, कारण ती त्याला तसा बघते. मासिकातला टेनिसपटू तिच्या कल्पनेत पानातून उठतो आणि नवऱ्याला उचलून घेऊन जातो. ढगांवरून मोटार धावते. टेबलावरची फुलदाणी ती बाजूला ठेवते, नवरा येता-जाता ती बरोब्बर मध्यभागी सरकवतो, आणि त्या दोन इंचांत अख्खा संसार कळतो. नवऱ्याला स्वतःचं मन नाही असं नाही, पण कॅमेरा त्याच्या मनात शिरायची तसदीच घेत नाही. जर्मेन देर्मोझने केलेल्या बोदेबाई शंभर वर्षांनंतरही शिळ्या वाटत नाहीत, त्या यामुळे. घरात तिची सत्ता शून्य, पडद्यावर सगळी तिची.

इथे काळाचा संदर्भ प्रेक्षकांना आधी सांगाच. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ साली, त्यांनी पहिलं मत टाकलं १९४५ साली. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करायला आणि स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडायला १९६५च्या कायद्याची वाट पाहावी लागली. ‘ही घर सोडून का जात नाही?’ असं कोणीतरी हमखास विचारतं. १९२३ साली जायचं कुठे, आणि कोणाच्या पैशाने?

पण या फिल्ममध्ये विविधता नाही, असं कोणी म्हणालं तर ते खरं आहे. गोरी, मध्यमवर्गीय, बोदलेअरच्या कविता वाचणारी, पियानोवर दबुसीचं संगीत वाजवणारी बाई. घरात मोलकरीण आहे, पण तिच्या मनात काय चाललंय ते द्युलाकनेही फारसं विचारलेलं नाही. हा दोष काढायचा म्हणून काढत नाही. पुढच्या फिल्मकडे जाण्याचा रस्ता इथूनच निघतो: ज्या घरात मादाम घुसमटते त्याच घरात काम करणारी बाई जेव्हा सिनेमाच्या मध्यभागी येते, तेव्हा काय होतं?

ती फिल्म म्हणजे उस्मान सेम्बेनची ‘ला न्वार द…’, १९६६. सेनेगलचा दिग्दर्शक, निर्मिती सेनेगल आणि फ्रान्सची, गोष्टीचा मोठा भाग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आंतीबमधल्या एका फ्लॅटमध्ये घडणारा. लांबी साधारण एक तास, म्हणजे लघुपटाच्या सीमारेषेवर. त्या वर्षीचं प्री जाँ व्हिगो हे पारितोषिक तिला मिळालं. केवळ फ्रेंच म्हणून तिच्यावर शिक्का मारू नका, सेनेगलच्या माणसाला ते आवडणार नाही. पण फ्रान्सच्या घराच्या आतली आहे म्हणून ती या संध्याकाळीत हवीच.

दाकारच्या एका चौकात कामाच्या शोधातल्या बायका बसलेल्या असतात. गोरी मालकीण येते तेव्हा सगळ्या तिच्याभोवती गर्दी करतात, दियुआना जागेवरच बसून राहते. मालकीण तिलाच निवडते. मुलं सांभाळायचं काम असतं. पुढे त्या कुटुंबापाठोपाठ ती फ्रान्सला जाते, आणि तिथे सुरुवातीला मुलं दिसतच नाहीत. स्वयंपाक, धुणं, फरशी. बाहेर निळा समुद्र, आत न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि तिची खोली. जेवायला आलेला एक पाहुणा, आपण कधी काळ्या मुलीचं चुंबन घेतलेलं नाही असं म्हणत, तिला विचारायची तसदी न घेता तिचं चुंबन घेतो. ती उंच टाचांचे बूट आणि चांगला पोशाख घालून झाडू मारते, मालकिणीला ते खटकतं, ती ॲप्रन बांधायला लावते, बूट काढायला सांगते.

तोंडाने दियुआना जेमतेम ‘हो मादाम’, ‘हो मस्यू’ एवढंच बोलते. पण फिल्मभर तिचा आतला आवाज चालू असतो, आणि तो गप्प नाही. तो प्रश्न विचारतो, चिडतो, हिशेब मांडतो. घरातल्या लोकांना एक मुकी नोकराणी दिसते. आपल्याला ऐकू येतो त्या घरातला सगळ्यात बोलका माणूस. पटकथा वाचून हे कळत नाही, ध्वनिपट्टीवर कळतं. मालक-मालकीण बोलतात तो संवाद, ती बोलते ते कथन. कथन ज्याच्याकडे असतं, प्रेक्षक त्याच्या बाजूला बसतो.

तिच्या आईचं पत्र येतं तो प्रसंग नीट बघा. मालक ते वाचून दाखवतो आणि तिच्या वतीने उत्तर लिहायला घेतो. आपण बरी आहोत वगैरे, जे अशा पत्रात लिहायचं ते. ती ते पत्र फाडून टाकते. सेम्बेन इथे फार काही करत नाही, कॅमेरा थयथयाट करत नाही. पण मला हा अख्ख्या फिल्मचा कणा वाटतो. दुसरा माणूस माझ्या नावाने, माझ्या आईला, माझ्या मनाबद्दल लिहितोय, आणि तेही चांगुलपणाने! मग ती एकेक गोष्ट परत करत जाते. ॲप्रन, पगार, आणि तिने दाकारमध्ये मालकिणीला भेट दिलेला, आता पांढऱ्या भिंतीवर शोभेला टांगलेला मुखवटा. त्या मुखवट्यासाठी दोघींची अक्षरशः ओढाताण होते. त्यानंतर न्हाणीघरात ती जीव देते.

आत्महत्येला कर्तेपण म्हणायचं का, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग. माझं मत स्पष्ट आहे: मृत्यूला म्हणू नये. तसं म्हटलं की आपण एका मरणाला शोभा आणतो, आणि सेम्बेनने ती आणलेली नाही. फ्रेंच वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी होते, समुद्रकिनाऱ्यावर लोक ऊन खात पडलेले असतात. सेम्बेनला गोष्टही अशाच एका छोट्या बातमीवरून सुचली होती. कर्तेपण मरणाच्या आधी आहे, एकेक गोष्ट परत करण्यात. आणि त्याच्यानंतर आहे, फिल्म तिथे न थांबण्यात. मालक तिचं सामान आणि मुखवटा घेऊन दाकारला जातो, आईपुढे पैसे धरतो, आई घेत नाही. परतताना एक लहान मुलगा तोच मुखवटा तोंडावर लावून त्याच्या मागे मागे चालत राहतो. तासभर ज्या माणसांनी दियुआनाकडे पाहिलं, त्यांच्यातल्या एकाला आता कोणीतरी बघतंय, आणि त्याला ते सहन होत नाही.

एक गोष्ट मात्र प्रेक्षकांपासून लपवू नका. दियुआनाची भूमिका मबिसीन तेरेझ दियोपने केली. तिचा तो आतला फ्रेंच आवाज मात्र तिचा नाही, तो हैतीच्या गायिका-अभिनेत्री तोतो बिसांत यांचा. फिल्मचा जीव ज्या आवाजात आहे तोच उसना आहे. काहींना यात विरोधाभास दिसतो: स्वतःच्या आवाजासाठी झगडणारी नायिका दुसरीच्या आवाजात बोलते. मला त्याहून मोलाचं हे वाटतं की एका काळ्या स्त्रीचं मन घडवायला दोन खंडांतल्या दोन काळ्या स्त्रिया लागल्या आणि दिग्दर्शक पुरुष होता. चर्चा इथे पेटते. पेटू द्या.

याला जोडून थोडा इतिहास, कारण ‘विविधता’ हा शब्द अलीकडचा असला तरी भांडण जुनं आहे. १९३४च्या लाव्हाल फर्मानाने फ्रेंच वसाहतींत परवानगीशिवाय चित्रीकरण करायला बंदी घातली होती. पोलें सुमानू व्हिएरा हा पॅरिसच्या चित्रपट शाळेत शिकलेला तरुण. त्याला आफ्रिकेत चित्रीकरण करू दिलं नाही, म्हणून त्याने मित्रांसोबत १९५५ साली पॅरिसमध्येच ‘आफ्रिक-स्युर-सेन’ हा लघुपट केला. पॅरिसमधले आफ्रिकी लोक, आफ्रिकी नजरेने. म्हणजे आधी कॅमेरा हातात घ्यायलाच मनाई होती. ‘पडद्यावर किती काळे चेहरे दिसले’ हा प्रश्न त्यानंतरचा.

आता तिसरी, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. एलेओनोर पूरियाची ‘माजोरिते ओप्रिमे’, २०१०, अकरा मिनिटं. २०१४च्या फेब्रुवारीत इंग्रजी उपशीर्षकांसह यूट्यूबवर आली आणि बघता बघता जगभर लाखो लोकांनी पाहिली. उलटं जग: बायका सत्तेत, पुरुष घरात. पिएर नावाचा बाप बाबागाडी ढकलत निघतो, रस्त्यात टोमणे खातो, गल्लीत मुलींची टोळी त्याच्यावर लैंगिक हल्ला करते, पोलीस ठाण्यातली अधिकारी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि शेवटी बायको, आधी काळजीने बोलणारी बायको, त्याच्या कपड्यांवर घसरते. युक्ती नवी नाही. आलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेने १९०६ सालीच ‘ले रेझुल्ता द्यु फेमिनिझ्म’मध्ये पुरुषांना शिवणकामाला आणि बायकांना दारूच्या टेबलावर बसवलं होतं. पण पूरियाने त्यातला विनोद हळूहळू काढून घेतला आहे, आणि पोलीस ठाण्याचा प्रसंग खरोखर अंगावर येतो.

अडचण आहे ती पाळणाघरातल्या निसारची. निसार मुस्लिम पुरुष, डोकं झाकलेला. उलट्या जगात तो हिजाबमधली बाई आहे. पिएर त्याला मोठ्या आपुलकीने विचारतो की तुझी घुसमट होत नाही का. निसारच्या उत्तराला फारशी जागा दिलेली नाही. तो ओशाळतो, गप्प होतो, फिल्म पुढे निघते. त्या वेळी यावर मुस्लिमद्वेषाची टीका झाली. मी टीकेचे शब्द बाजूला ठेवून संकलकाच्या बाजूने एवढंच सांगतो: पिएरच्या चेहऱ्यावर फिल्म कितीदा परत येते ते मोजा, आणि निसारच्या चेहऱ्यावर किती ते मोजा. निसार पिएरच्या, म्हणजे उलट करून वाचलं तर गोऱ्या फ्रेंच स्त्रीच्या, मुक्तपणाचं माप म्हणून उभा केलेला आहे. यादीत टिक करायची झाली तर विविधता आली. प्रत्यक्षात एका स्त्रीचं कर्तेपण दाखवायला दुसऱ्या समाजातल्या स्त्रीचं मन काढून घेतलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं ‘नाही’ ते हेच.

तरीही ही फिल्म दाखवा. वाईट उदाहरण म्हणून नव्हे. तिच्यात एक चांगली गोष्ट आणि एक आंधळी जागा शेजारी शेजारी आहेत, आणि लोकांना त्या एकदम दिसत नाहीत. आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर निसारचा प्रसंग अनेकदा खटकतच नाही. तो का खटकला नाही, हा प्रश्न सभागृहात विचारायचं धाडस असेल तर विचारा.

चौथी मैमूना दुकूरेची ‘मामाँ(स)’, २०१५, सुमारे वीस मिनिटं. दुकूरे पॅरिसमध्ये जन्मलेली, आईवडील सेनेगलचे, आणि वडिलांच्या दोन बायका असलेल्या घरात वाढलेली. हे तिने स्वतः जाहीर सांगितलं आहे. पॅरिसच्या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये राहणारी आठ वर्षांची आयदा. बाप सेनेगलहून परत येतो, सोबत रामा नावाची तरुणी आणि तान्हं बाळ. ती त्याची दुसरी बायको. घर तेच, आई तीच, पण आई आता पहिल्यासारखी राहत नाही. आणि आयदा ठरवते की रामाला घरातून घालवायचं.

टोरंटो महोत्सवात सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय लघुपट, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं पारितोषिक, आणि २०१७ साली सेझार हा फ्रान्सचा मानाचा चित्रपट पुरस्कार, तोही विभागून. दुसरी विजेती होती आलिस दियोपची ‘व्हेर ला तांद्रेस’. दोघीही सेनेगली मुळाच्या फ्रेंच दिग्दर्शिका. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण मी सोडत नाही: त्या दोन्ही फिल्म्स अशा घरांच्या आणि वस्त्यांच्या आतून आल्या होत्या जिथे फ्रेंच सिनेमा बहुतेकदा पोलिसांच्या गाडीत बसून जातो.

मराठी माणसाला सवत समजावून सांगावी लागत नाही, ती आपल्या ओव्यांत आणि लावण्यांत पिढ्यानपिढ्या नांदते आहे. त्यामुळे धोका असा की आपला प्रेक्षक पाचव्या मिनिटाला बाजू घेऊन मोकळा होतो: आई बिचारी, रामा घुसखोर. म्हणून फ्रान्समधली कायद्याची बाजू सांगून ठेवा. फ्रान्सच्या भूमीवर दुसरं लग्न गुन्हाच. पण बाहेर कायदेशीरपणे झालेल्या बहुपत्नी विवाहातल्या दुसऱ्या बायकोला १९८०च्या एका निकालामुळे कुटुंब म्हणून फ्रान्समध्ये येता येत होतं. १९९३च्या पास्क्वा कायद्याने ते दार बंद केलं. बहुपत्नीक कुटुंबांना वास्तव्याचे परवाने नाकारले जाऊ लागले. म्हणजे अशा घरात दुसऱ्या बायकोची जागा घरात कच्ची, आणि सरकारदरबारी त्याहून कच्ची. हे माहीत असलं की रामा खलनायिका उरत नाही. आणि आयदाची लढाई भयंकर वाटू लागते, कारण तिचा राग ज्याच्यावर असायला हवा त्या बापापर्यंत तिचा हात पोचत नाही. तिच्या हाताशी जी सगळ्यात कमजोर बाई आहे तिच्यावर तो निघतो.

‘सशक्त स्त्री व्यक्तिरेखा’ हे शब्द माहितीपत्रकात वाचून जे येतील त्यांना मी इथेच थांबवतो. आयदा सशक्त आहे का? आहे. निर्णय घेते, योजना करते, अमलात आणायला निघते. ते कर्तेपण गोड आहे का? मुळीच नाही. आठ वर्षांच्या पोरीच्या प्रेमात क्रौर्य किती सहज मिसळतं हे दुकूरे दाखवते, आणि त्याचवेळी तिच्या उंचीवरून घर दाखवत राहते, मोठ्यांचे निर्णय मुलांपर्यंत पोचतात त्याच तुकड्यातुकड्यांत. विविधता इथे पोशाखात नाही. नवरा-बायको-मुलं या साध्या त्रिकोणाला जो चौथा कोन आहे त्यात आहे. तो काढून गोरं कुटुंब घातलं तर गोष्टच शिल्लक राहत नाही. माझ्या मते कसोटी हीच: नायिकेचा समाज, भाषा, कायदा बदलला तरी फिल्म तशीच चालत असेल, तर विविधता रंगसफेदीपुरती आहे.

मोजदादीचा विषय निघणारच, म्हणून चार शब्द. फ्रान्समध्ये १९७८चा माहिती-संरक्षण कायदा आणि २००७चा घटना परिषदेचा निर्णय यांमुळे वंशानुसार आकडेवारी गोळा करण्यावर कडक बंधनं आहेत. स्त्री-पुरुष मोजता येतात, आणि मोजलेही जातात. राष्ट्रीय चित्रपट केंद्र २०१९पासून मुख्य तंत्रज्ञांत समानता असलेल्या चित्रपटांना वाढीव अनुदान देतं. काळे-गोरे मात्र अधिकृतपणे मोजायचे नाहीत. म्हणून हे मोजणं लोकांनी स्वतः केलं. २०१८ साली सोळा काळ्या अभिनेत्रींनी मिळून आपल्याला कायम नर्स, नोकराणी, वेश्या याच भूमिका कशा येतात यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्यातली आयसा मायगा २०२०च्या सेझार सोहळ्यात मंचावरून म्हणाली की सभागृहात काळी माणसं किती, हे मोजल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही.

चर्चा घेणाऱ्यासाठी कामाची सूचना. फिल्म दाखवून झाली की लगेच ‘तुम्हाला काय वाटलं’ विचारू नका. लोक आशय सांगत बसतात. त्याऐवजी दोन मिनिटांचा एक तुकडा आवाज बंद करून पुन्हा लावा. ‘बोदे’ला आवाज नाहीच, तिथे उपशीर्षकं झाका. मग विचारा, कट कोणावरून कोणावर गेला? बोलणाऱ्यावर राहिला की ऐकणाऱ्यावर? आपल्याकडे बोलणाऱ्यावर राहण्याची सवय फार, टीव्हीमुळे ती आणखी पक्की झाली आहे. बाईला संवाद नसेल तर संकलनाच्या खोलीत तिचे शॉट्स आधी कापले जातात, ‘इथे काही होत नाहीये’ म्हणून. सेम्बेनच्या फिल्ममधून असं ‘काही होत नसलेलं’ सगळं काढलं तर मालकिणीच्या कटकटीचा सिनेमा उरेल. लघुपट करणारी मुलं प्रेक्षकांत असतील तर त्यांना हे जरूर सांगा. लिहिताना स्त्रीवादी असलेली पटकथा संकलनात वेग आणण्याच्या नादात नवऱ्याची होऊन जाते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या मूळ यादीत दुकूरेची पूर्ण लांबीची ‘मिन्योन’ही आहे असं दिसतं. ती या संध्याकाळीत नको. तिच्यात एक प्रसंग आहे: मुलगी पलंगाखाली लपलेली, वर बसलेली आई फोनवर नातेवाइकांना नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची खुशखबर हसऱ्या आवाजात सांगते आहे, आणि मुलीला दिसतात फक्त आईचे पाय. ‘मामाँ(स)’ आवडली असेल तर हा प्रसंग बघायलाच हवा. पण ऑगस्ट २०२०मध्ये नेटफ्लिक्सने मुलींच्या नाचाच्या पोझचं पोस्टर लावलं, जगभर गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली, आणि तेव्हापासून त्या फिल्मवरची चर्चा पोस्टरच्या पुढे सरकत नाही. पलंगाखालून बघणाऱ्या मुलीची फिल्म, आणि पोस्टरवर त्याच मुलीकडे बघणारे आपण. वेगळी संध्याकाळ ठेवा आणि पोस्टरसकट चर्चा करा.

क्रम मी असा लावेन: आधी ‘माजोरिते ओप्रिमे’, कारण ती सगळ्यांना लगेच कळते आणि हसू येतं, मग ‘मामाँ(स)’, म्हणजे निसारच्या प्रसंगात काय राहून गेलं ते आपोआप कळेल. त्यानंतर चहा. मग ‘बोदे’, आणि शेवटी सेम्बेन. एकूण सव्वादोन तासांच्या आतबाहेर. ‘बोदे’ला कोणी थेट पियानो वाजवणारं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर शांततेत दाखवा; सिनेमाभर कुलूपबंद पियानोचा प्रश्न असताना खाली कुठलंतरी तयार पार्श्वसंगीत चिकटवू नका. सेम्बेनच्या फिल्मनंतर लगेच दिवे लावू नका आणि माइकही फिरवू नका. चर्चा ‘मामाँ(स)’नंतरच्या चहात अर्धी उरकलेली असेल, उरलेली दुसऱ्या दिवशी फोनवर होईल.